पाठीची माती

“चावतंय का?”

“न्हाई.”

“रगत काढतंय?”

“कधीच न्हाई, आज्जा.”

“मग करतंय काय?”

जालिंदर पैलवानाने साखळीचा आणखी एक वेढा मनगटाभोवती घेतला. साखळीच्या दुसऱ्या टोकाला तुफान उभा होता. दीड वर्षाचा, भुऱ्या रंगाचा, छातीने रुंद. समोरच्या रानात धनगराची चार कुत्री लोळत होती आणि त्यांच्याकडे बघून त्याचं अंग नुसतं थरथरत होतं.

“सोडत न्हाई,” जालिंदर म्हणाला.

मायाप्पा धनगर वाकसाने बाभळीचं लाकूड तासत बसला होता. त्याने मान वर केली नाही. एक ढलपी उडून तुफानच्या पुढ्यात पडली. तुफानने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

भुईमूग निघालेल्या त्या रानात मायाप्पाची दोनशे मेंढरं खतासाठी बसवली होती. माणूस सत्तरीचा, अंगाने वाळलेल्या शेंगेसारखा. पण आसपासच्या दहा गावांत कुणाचं कुत्रं हाताबाहेर गेलं, की लोक आधी विचारत, यंदा मायाप्पाचा तळ कुठे पडलाय? जालिंदरही तसाच विचारत विचारत आला होता. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. मागायला आलेला माणूस वाटू नये, एवढी काळजी त्याने घेतली होती.

“नीट सांग.”

“खेळायला जातंय. भांडायला न्हाई. खेळता खेळता दुसऱ्याला पाडतंय, मान धरतंय आन् दाबून ठेवतंय. खालचं केकाटतंय, पाय झाडतंय. ह्याला वाटतंय, खेळच चाललाय अजून.”

“हां.”

“गल्लीतली सगळी कुत्री ह्याला बघून पळत्यात. परवा शिंपिणीच्या कुत्रीला धरलं. म्हातारी कुत्री. दोन दिवस उठली न्हाई. मग गल्लीची बैठक बसली. शुक्रवारपत्तोर मुदत दिलीया. त्याच्यानंतर एक जरी कुत्रं केकाटलं, तर ह्याला वीटभट्टीवर द्यायचं. भट्टीवाला न्यायला तयारच हाय. राखणीला.”

“मग बरं हाय की. भाकरी मिळंल.”

“जन्मभर साखळीत, आज्जा.”

हे तो इतक्या हळू बोलला, की मायाप्पाचा वाकस पहिल्यांदा थांबला.

“माझ्याकडं काय पायजे?”

“लोढणं.” जालिंदरचा आवाज पुन्हा मोठा झाला. “मारक्या बैलाच्या गळ्यात तुम्ही ओंडकं अडकवता न्हवं, पळाया लागला की गुडघ्यावर आपटतंय, तसं. चांगलं जड करून द्या.” त्याने मायाप्पाच्या हातातल्या लाकडाकडे बघितलं. “ह्येच हाय न्हवं का?”

मायाप्पाने लाकूड उलटंपालटं करून बघितलं, जणू आत्ताच हातात आलंय.

“तासतोय,” तो म्हणाला. “बस. तवर बघ.”

“काय बघू?”

“समोर हाय की.”

जालिंदर बसला. मायाप्पाची सून बायाक्का चहा घेऊन आली. तिने साखळीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

“पैलवान, ही तर म्हशीची साखळी!”

“तुफान हाय, आक्का. साधं कुत्रं न्हाई.”

“तुफानाला साखळी कशी बांधलीसा मग?”

जालिंदरने चहा घेतला आणि समोर बघायला लागला.

चार कुत्री होती. सगळ्यांत थोरली रंगी, नऊ वर्षांची, तोंडावर पांढरी झालेली. तिची दोन थोराड पोरं. आणि काळ्या, आठ महिन्यांचं पिल्लू, कान अजून धड उभे राहत नव्हते. काळ्याने रंगीवर झेप घेतली आणि रंगी सरळ पाठीवर पडली. काळ्या तिच्या छाताडावर चढला.

“चीत!” जालिंदरच्या तोंडून निघून गेलं.

पुढच्याच क्षणी काळ्या खाली होता आणि रंगी वर. मग दोघं सुटली, अंग झाडून उभी राहिली, तोंडं भलतीकडे फिरवून उगीच जमीन हुंगली. पुन्हा भिडली. पुन्हा रंगी खाली.

जालिंदर मनातल्या मनात कुस्त्या मोजत होता. दहापर्यंत मोजल्या आणि त्याचा गोंधळ उडाला. कोण जिंकतंय तेच कळेना.

“आज्जा, ही थोरली म्हातारी झाली म्हणायची. पिल्लाकडनं पडतीया.”

“व्हय?”

“ताकद गेली बिचारीची.”

मायाप्पा हसला नाही. “गेल्या साली तिनं दोन लांडगं पिटाळलं,” तो म्हणाला. “आता तुझं सोड.”

“लोढण्याबिगर?”

“सोड.”

साखळी सुटली. तुफान बाणासारखा गेला. वाटेत दोन मेंढरं बुजून बाजूला झाली. काळ्याने त्याला येताना बघितलं, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर केला, शेपटी हलवली. ये, खेळू, असं कुत्री म्हणतात तसं. तुफान थांबला नाही. छातीने त्याने काळ्याला उडवलं, मान धरली आणि दाबलं.

काळ्या केकाटला.

जालिंदर उठून धावला. मायाप्पाची काठी त्याच्या पोटाला आडवी लागली.

“थांब. ती बघ.”

रंगी गेली होती. भुंकली नाही, धावली नाही. जवळ जाऊन तिने छातीतून एकच आवाज काढला, लांबून ट्रकचं इंजिन घुरघुरावं तसा. तुफानने दचकून तोंड उघडलं आणि काळ्या निसटला. मग रंगीने तुफानकडे पाठ फिरवली. बाकीच्या तिघांनीही. चौघं चालत मेंढरांच्या आत शिरली आणि दिसेनाशी झाली.

रानात तुफान एकटा उरला.

शेपूट ताठ, छाती पुढे. त्याने या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. पडलेला भुईमुगाचा एक वेल तोंडात उचलला, हवेत उडवला, पुन्हा झेलला. पुन्हा इकडेतिकडे बघितलं...

कुणीच आलं नाही.

“जिंकलं की,” मायाप्पा म्हणाला.

जालिंदरने मान खाली घातली. ते एकटं उभं राहणं त्याला माहीत होतं.

गेले तीन महिने तो तालमीच्या हौद्यात तसाच उभा राहत होता. आखाड्याच्या तांबड्या मातीत एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला बाकीचे. त्याच्याशी जोर करायला, सरावाची कुस्ती धरायला, कुणी येत नव्हतं. तो येताना दिसला की एकाला घरचं काम आठवे, दुसऱ्याचा गुडघा दुखे. जालिंदर म्हणे, ही पोरं लोण्याची. मग तो एकटाच दंडबैठका काढी आणि तुफानला हौद्यात घेई.

तुफान तरी कुठे कुरकुरत होता.

“तू ह्याच्यासंगं खेळतोस का?” मायाप्पाने विचारलं.

“रोज! तास तासभर.”

“दाव.”

जालिंदरला जरा बरं वाटलं. निदान इथे तरी काही दाखवण्यासारखं होतं. त्याने फेटा काढून बायाक्काजवळ दिला, तुफानला हाक मारली आणि मांडीवर थाप मारली. तुफान उसळून आला. जालिंदरने त्याला अंगावर घेतला, बगलेत धरून फिरवला, जमिनीवर टेकवला आणि मानेवर कोपर ठेवून दाबला. तुफान सुटायला धडपडला. जालिंदरने आणखी दाबला. तुफान कुईं करून ओरडला. जालिंदरने मनात पाचपर्यंत मोजलं आणि मग हात काढला.

“बघितलंसा?” तो धापा टाकत म्हणाला. “दीड वर्षात एकदाबी मला भारी पडला न्हाई.”

“वरडला तवा सोडला न्हाईस.”

“थोडं धरायचंच की, आज्जा. त्यानं दम वाढतोय.”

“हां.”

वाकस चालत होता. टक्... टक्... जालिंदरला वाटलं, म्हातारा विसरला.

“तुझ्या पाठीला माती कधी लागली?” मायाप्पाने विचारलं.

जालिंदर ताठ झाला. हा प्रश्न त्याला आवडायचा. गावोगावच्या मैदानांत लोक हा प्रश्न एकमेकांना विचारत आणि उत्तर सांगताना त्याचं नाव घेत.

“सात वर्सं झाली, न्हाई लागली.”

“मैदानात?”

“मैदानात न्हाई, तालमीत न्हाई. जोर करतानाबी न्हाई. सात वर्सं ही पाठ कोरी हाय.”

“लई दिस झालं,” मायाप्पा म्हणाला. मरतुकड्या मेंढराच्या अंगावरून हात फिरवावा तसा आवाज होता त्याचा. “उद्या ये.”

बुधवारी जालिंदर सकाळीच हजर झाला. सदरा दुसरा, तितकाच पांढरा. लोढणं झालंय का म्हणून त्याने आधी विचारलं. मायाप्पाच्या हातातलं लाकूड एका टोकाला निमुळतं झालं होतं.

“होतंय. आडवा हो.”

“काय?”

“तितं. मातीत. पाठीवर.”

जालिंदरला हसू आलं. मग म्हाताऱ्याचा चेहरा बघून ते गेलं.

“कशापायी?”

टक्... टक्...

“आज्जा, कुत्रं माझं बिघडलंय. मी न्हाई.”

टक्.

“मी लोढणं मागायला आलोय. द्यायचं असंल तर द्या, न्हाईतर न्हाई म्हणा. चार माणसांम्होरं मला चीत पाडून तुमचं काय भलं हुणार हाय?”

“चार कुटनं आली?” बायाक्का मेंढराची धार काढता काढता म्हणाली. “मी एक, मामंजी एक. बाकीची मेंढरं हायती. ती कुणाला सांगायची न्हाईत.”

जालिंदरने साखळी अडकवली आणि तरातरा वाट धरली.

वाट वीटभट्टीवरून जात होती. येताना तो कालव्याच्या कडेने आला होता, पण रागात पाय सरळ पडले. भट्टीच्या आधी एक लिंब आहे. लिंबाला एक कुत्रं बांधलेलं होतं. पूर्वी कधी ते तांबडं असावं. राखेने आता त्याला रंग उरला नव्हता.

जालिंदरला बघून ते उठलं आणि चालायला लागलं. साखळी ताणेल तिथपर्यंत, आणि मग गोल. त्याच्या पायाखाली जमिनीत एक वर्तुळ पडलं होतं, तेल्याच्या घाण्याभोवती पडतं तसं. वीतभर खोल. त्या वर्तुळाच्या बाहेर बारीक गवत होतं. आत काहीच नव्हतं.

तुफान पुढे झाला. त्याने त्या कुत्र्याकडे बघून पुढचे पाय टेकले, मागचा भाग वर केला, शेपटी हलवली.

ये, खेळू.

राखेतलं कुत्रं क्षणभर थांबलं. त्याने तुफानकडे नुसतं बघितलं... हे काय असतं, ते एकदा माहीत होतं, असं काहीतरी. मग ते पुन्हा गोल चालायला लागलं.

जालिंदर किती वेळ तिथे उभा होता, कोण जाणे. भट्टीवरचा एक माणूस ओरडला, “पैलवान, आजच आणलासा व्हय? या की!”

जालिंदर वळला आणि आल्या वाटेने परत निघाला. तुफानला त्याच्यामागे पळावं लागलं.

मायाप्पा होता तिथेच होता. मैदानात करतात तसा जालिंदर सदरा काढायला लागला.

“सदरा ऱ्हाऊ दे,” मायाप्पा म्हणाला.

“मळंल की.”

“मळंल.”

जालिंदर खाली बसला. हात मागे टेकले. सात वर्षं ज्या पाठीला त्याने जपलं होतं, तिला एवढंसं अंतर जायला फार वेळ लागला. आधी कंबर, मग एक खांदा. दुसरा खांदा हवेतच राहिला. मैदानात खांदा असाच उरतो आणि पंच वाकून बघतात.

“टेकव,” मायाप्पा म्हणाला.

दुसरा खांदा टेकला. ढेकळं टोचली. वर नुसतं आभाळ होतं. जालिंदरने आभाळ असं कधी बघितलं नव्हतं. इतरांना दाखवलं होतं.

मायाप्पाने साखळी काढली.

तुफान आला आणि गपकन थांबला. मालक खाली! त्याने एक चक्कर मारली, मग छातीवर उडी घेतली. जालिंदरचा हात त्याने तोंडात धरला. दात लागले नाहीत, पण जबडा आवळला. जालिंदरचे दंड आपोआप फुगले.

“ढिला हो.”

“आज्जा, हे सोडायचं न्हाई.”

“ढिला हो. आन् वरड.”

“काय?”

“काळ्या वरडला तसा.”

जालिंदरने तोंड उघडलं. आवाज आला नाही. सात वर्षांत त्याला ओरडावं लागलं नव्हतं. ओरडायचे ते दुसरे. जबडा आवळत होता. आणि मग, का ते त्याला कळलं नाही, डोळ्यांपुढे सर्जेराव आला.

सर्जेराव त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. तीन महिन्यांपूर्वी जोर करताना खाली सापडला होता. त्याने मातीवर थाप मारली होती. एकदा, दोनदा, सोड म्हणून. तालमीत थाप मारली की सोडायचं असतं. जालिंदर मनात पाचपर्यंत मोजत होता. चारवर असताना सर्जेरावचा खांदा निखळला.

“आं...!”

आवाज रानभर गेला. मेंढरांनी माना वर केल्या. बायाक्काचं भांडं हातातच राहिलं.

तुफानने तोंड उघडलं.

तो छातीवरून उतरला, दोन पावलं मागे सरकला आणि बसला. कान मागे गेले. त्याने मालकाच्या तोंडाकडे बघितलं. मग जरा पुढे आला, हाताचा वास घेतला, चाटला.

आणि पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर केला.

“आता?” जालिंदरने पडल्या पडल्याच विचारलं.

“बोलावतंय न्हवं? खेळ की.”

“आन् मग?”

“मग पुन्हा पड.”

त्या दिवशी जालिंदर पैलवान किती वेळा चीत झाला, ते कुणी मोजलं नाही. पहिल्या काही वेळा तुफानला ओरडणं ऐकूनही सोडायला वेळ लागला. तेव्हा मायाप्पा म्हणे, “ऊठ. पाठ फिरव.” जालिंदर उठून लांब जाई आणि तुफान एकटा उभा राही. मग पुन्हा. सूर्य कलताना जालिंदरला ओरडावं लागत नव्हतं. नुसता श्वास जोरात घेतला तरी जबडा ढिला पडत होता.

“माझं कुत्रं लई शाणं हाय,” तो म्हणाला.

“हाय की,” मायाप्पा म्हणाला. “कालबी होतं.”

घरी जाताना जालिंदर कालव्यावर थांबला. इकडेतिकडे बघून सदरा काढला, पाण्यात खळबळून पिळला आणि ओलाच घातला. तालमीवरची वाट टाळून तो मागच्या बोळाने घरी गेला.

गुरुवारी सकाळी काळ्या तुफानला बघून मेंढरांत जाऊन लपला.

“त्याच्यासंगं न्हाई सोडायचं आज,” जालिंदर म्हणाला. “आधी थोरलीसंगं.”

मायाप्पाने त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा मान हलवली.

रंगी सावकाश आली. तुफान धावत सुटला, तशी ती त्याच्या पायाशीच पाठीवर पडली. तुफान अडखळला. त्याने तिची मान धरली. रंगीने बारीकसा आवाज काढला, तिच्या वयाला न शोभणारा, पिल्लासारखा.

जालिंदरने श्वास धरला. एक... दोन...

तुफानने सोडलं.

तो मागे सरकून उभा राहिला आणि लांबून मालकाकडे बघायला लागला. रंगी उठली, अंग झाडलं, उगीच जमीन हुंगली. तुफाननेही जमीन हुंगली. तिथे हुंगण्यासारखं काहीच नव्हतं.

मग ती दोघं पुन्हा भिडली.

थोड्या वेळाने रंगीची थोराड पोरं आली. एकदा तुफान विसरला, एकाची मान त्याने जरा जास्तच धरली. जालिंदरने मांडीवर थाप मारून हाक दिली. तुफान आला, जालिंदरजवळ बसला, धापा कमी झाल्यावर पुन्हा गेला. हे कुणी जालिंदरला सांगितलं नव्हतं. पोरांना दम खायला बसवावं, तसं त्याने बसवलं होतं.

दुपार व्हायला आली तेव्हा काळ्या मेंढरांच्या पायांतून बाहेर आला. कान पाडून, अर्धा पुढे, अर्धा मागे. तुफानने त्याला बघितलं.

“आज्जा...” जालिंदर अर्धवट उठला.

“बस.”

तुफान त्याच्याकडे चालत गेला. धावत नव्हे. दोन हातांवर थांबला. काळ्याचे पाय लटपटत होते. तुफान काही क्षण तसाच उभा राहिला... आणि मग त्याने ते रुंद छाताडाचं अंग बाजूला झोकून दिलं आणि पाठीवर आडवा झाला. चारही पाय हवेत. जीभ बाहेर.

काळ्याला खरं वाटेना. त्याने लांबून मान पुढे करून वास घेतला. मग एक पाय तुफानच्या छातीवर ठेवला. मग दुसरा. मग ते आठ महिन्यांचं पिल्लू तुफानच्या अंगावर उभं राहिलं आणि शेपटी अशी हलवायला लागलं, की त्याचं ढुंगणच हलत होतं.

“अगं आई गं,” बायाक्का म्हणाली. “काळ्यानं कुस्ती मारली!”

जालिंदर हसला. हसता हसता त्याने फेट्याचा शेव डोळ्यांना लावला आणि कुसळ गेलं म्हणाला. त्याला वाटलं, आपण हे आधी कधीतरी बघितलंय. तालमीत वस्ताद त्याच्या हाताखाली असेच आडवे व्हायचे. तो दहा वर्षांचा होता आणि वस्ताद डोंगराएवढे. त्यांच्या छातीवर बसून तो ओरडायचा, जिंकलो, जिंकलो! आणि ते खालून म्हणायचे, जिंकलास रं, लेका.

त्याला तेव्हा ते खरंच वाटायचं.

तो कुत्र्यांमध्ये गेला. कुणी सांगितलं नव्हतं. तुफानच्या शेजारी पाठ टेकून पडला आणि काळ्या उडी मारून त्याच्याही छातीवर आला. रंगीने येऊन त्याचा कान हुंगला. इस्त्रीच्या सदऱ्याखाली ढेकळं फुटत होती.

निघताना त्याने म्हशीची साखळी गुंडाळून बायाक्कापुढे ठेवली.

“आक्का, म्हस घेशीला तवा वापरा.”

“आन् तुफानाला?”

“दोरी असंल तर द्या एखादी.”

तिने लोकरीची एक दोरी काढून दिली. काळ्यापांढऱ्या मेंढराची, हाताने वळलेली. तुफानने ती गळ्यात बांधून घेतली आणि मुकाट उभा राहिला.

मायाप्पा मेंढरांभोवती जाळी ताणत होता. तीन दिवस तासलेलं ते बाभळीचं लाकूड त्याने जमिनीत रोवलं आणि दगडाने ठोकलं.

“आज्जा, ते लोढणं...”

“कसलं लोढणं? ही मेख हाय. जाळीची.” त्याने जाळीची दोरी मेखेला अडकवून ओढून बघितली. “जुनी मोडली होती.”

जालिंदरने वाकून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

“उद्या शुक्रवार. गल्ली बसंल. मी त्यास्नी काय सांगू? अजून कधीमधी ह्यो विसरतोय. मीबी विसरंन. म्होरं काय हुईल, म्या शब्द कसा द्यायचा?”

“सांगू नगंस काय.”

“मग त्यास्नी कळायचं कसं?”

मायाप्पाने दुसरी दोरी हातात घेतली. म्हातारा आता बोलायचा नाही, असं वाटून जालिंदर वळला. सवयीने त्याचा हात मागे गेला आणि तो सदऱ्यावरची माती झटकायला लागला.

“ए पैलवान!”

जालिंदरचा हात थांबला.

“ऱ्हाऊ दे ती,” मायाप्पा म्हणाला. “आन् जाताना तालमीवरनं जा.”